सुट्या पेट्रोलची बाटली आणि नव्वद वर्षांचा कायदा

सातारा, सांगली : पेट्रोल पंपावर ‘बाटलीत पेट्रोल मिळणार नाही’ असा फलक आणि त्याच फलकाखाली प्लॅस्टिकचा कॅन घेऊन उभा असलेला शेतकरी, हे दृश्य सातारा आणि सांगली जिल्ह्यांना नवे नाही. फलक लावणाऱ्याचे चुकते असे नाही आणि कॅन घेऊन येणाऱ्याची गरजही खोटी नाही. फवारणी पंप, ब्रश कटर, पॉवर वीडर, लहान जनित्र किंवा नदीतील बोटीचे इंजिन यांपैकी काहीही पंपापर्यंत चालत येऊ शकत नाही. त्यांच्यासाठी पेट्रोल कशात तरी भरूनच न्यावे लागते. ते कशात न्यावे, किती न्यावे आणि घरी कसे ठेवावे, याचे उत्तर कायद्यात आहे. मात्र ते ना पंपावर लिहिलेले आढळते, ना दुकानात कॅन विकत घेताना कोणी सांगते. परिणामी निर्बंध आणि गरज यांच्या मधल्या फटीतून शीतपेयाची बाटली, खाद्यतेलाचा रिकामा कॅन आणि गावातील किराणा दुकानामागचे बेकायदा पेट्रोल यांचा व्यवहार सुखेनैव चालू राहतो.

गरज वाढतेच आहे

एकेकाळी ग्रामीण भागात सुट्या पेट्रोलची मागणी मुख्यतः रस्त्यात बंद पडलेल्या दुचाकीपुरती होती. राज्यात २००५ च्या सुमारास भारनियमनाने कहर केला, तेव्हा पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी छोटी जनित्रे दुकानांतून, दवाखान्यांतून आणि मंगल कार्यालयांतून दिसू लागली. पुढे शेतमजुरांची टंचाई वाढत गेली आणि पाठीवरच्या फवारणी पंपापासून गवत कापण्याच्या यंत्रापर्यंत लहान पेट्रोल इंजिने शेतात आली. कृष्णाकाठचा ऊस, तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षे, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी ही सगळी पिके आज या ना त्या रूपात यंत्रांच्या आधाराने उभी आहेत.

त्यात भर पडली ती पुराची. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला, टँकर अडकले आणि कोल्हापूर-सांगली परिसरात इंधनाचा तुटवडा झाला. जे इंधन शिल्लक होते, ते अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवण्याची वेळ आली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी ग्रामस्थांना नेणारी बोट उलटून झालेली जीवितहानी जिल्हा विसरलेला नाही. त्या दुर्घटनेनंतर गावोगावी सुसज्ज बोटी हव्यात, ही मागणी जोर धरू लागली. मात्र बोटीबरोबर तिचे इंधन कोठे आणि कशात ठेवायचे, हा प्रश्न तिच्यासोबतच गावात येतो, याची चर्चा फारशी झाली नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या आणि रस्ते तुटले. अशा वेळी जनित्र आणि यंत्रकरवत चालविण्यासाठी हाताशी असलेले चार लिटर पेट्रोल किती मोलाचे ठरते, हे वेगळे सांगावयास नको. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा-बामणोली परिसरात तर बोट हेच दळणवळणाचे साधन आहे.

वाहतूकदारांच्या संपाचा अनुभवही ताजा आहे. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांविषयीच्या नव्या दंडतरतुदींच्या विरोधात जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी काम थांबविले आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. गाडीची टाकी भरून झाल्यावर सोबत आणलेले कॅन आणि बाटल्या भरून घेण्याची धडपड तेव्हा सर्वत्र दिसली. त्या धावपळीत घरोघरी पोचलेले पेट्रोल कोणत्या भांड्यांत आणि घरातल्या कोणत्या कोपऱ्यात ठेवले गेले, याची नोंद कोणाकडेही नाही.

सवय रॉकेलची, धोका पेट्रोलचा

या प्रश्नाच्या मुळाशी एक जुनी सवय आहे. रेशनचे रॉकेल आणण्यासाठी पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन महाराष्ट्रातील बहुतेक घरांत असे. तो चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला जाई, त्यातून नरसाळ्याने स्टोव्ह भरला जाई आणि थोडे सांडले तर फडक्याने पुसून काम पुढे चालू राही. घरगुती गॅसचा प्रसार झाला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि रॉकेल हळूहळू घरातून गेले. कॅन आणि हाताची सवय मात्र मागे राहिली. आज त्याच कॅनमध्ये, त्याच सहजतेने पेट्रोल भरले जाते.

रॉकेल आणि पेट्रोल ही भावंडे असली तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एखाद्या द्रवाची वाफ ज्या किमान तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो, तर पेट्रोलचा उणे ४० अंशांच्या आसपास. याचा सरळ अर्थ असा, की महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीतही उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, पायऱ्या उतरते आणि मोरीत किंवा खड्ड्यात साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या जवळपास पोचले, तरी एक ठिणगी पुरते. कॅन माडीवर आणि देवघरातला दिवा खाली, म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पेट्रोलच्या बहुतेक भडक्यांत द्रवाच्या आधी वाफ पेटते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

कायदा काय सांगतो?

देशात या विषयाचे नियमन पेट्रोलियम कायदा १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ यांनुसार होते. अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे पूर्वीच्या विस्फोटक विभागाचे, मुख्यालय नागपुरात आहे. ज्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली आहे ते ‘अ’ वर्गातले. पेट्रोल याच वर्गात मोडते. डिझेल आणि रॉकेल ‘ब’ वर्गात येतात आणि त्यांच्यासाठीच्या मर्यादा बऱ्याच सैल आहेत. डिझेलला जे चालते ते पेट्रोलला चालेल, हा सार्वत्रिक समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

कायद्याच्या आठव्या कलमानुसार विक्रीचा हेतू नसेल, तर कोणाही व्यक्तीला एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. पण भांड्याविषयी कायदा अगदी स्पष्ट आहे. भांडे घट्ट बूच असलेले आणि काच, चिनी मातीसारखे दगडी भांडे किंवा धातू यांपैकी एकाचे असावे. काचेचे वा दगडी भांडे एक लिटरहून मोठे नसावे आणि धातूचे २५ लिटरहून मोठे नसावे. या यादीत प्लॅस्टिक नाही. १९३४ मध्ये प्लॅस्टिकचा कॅन ही वस्तूच बाजारात नव्हती, तेव्हा ती कायद्यात येणार कोठून? आज मात्र खेड्यापाड्यांत पेट्रोलसाठी सर्वाधिक वापरले जाणारे भांडे नेमके तेच आहे.

नववे कलम मोटार वाहनाच्या आणि स्थिर इंजिनाच्या मालकाला थोडी अधिक मोकळीक देते. वाहनाच्या अथवा इंजिनाच्या टाकीतील इंधनाखेरीज आणखी १०० लिटरपर्यंत पेट्रोल त्याला स्वतःच्या वापरासाठी परवान्याविना ठेवता येते. वाहने किंवा इंजिने कितीही असली तरी ही मर्यादा एकच राहते. भांड्यांची अट तीच असून साठा ३० लिटरहून अधिक असेल, तर तो माणसे राहतात, काम करतात किंवा जमतात अशा कोणत्याही खोलीला जोडून नसलेल्या स्वतंत्र जागी ठेवावा लागतो. विशेष म्हणजे कायद्यातील ‘मोटार वाहन’ या संज्ञेत जमिनीवरील वाहनांबरोबर पाण्यावरील नौकाही येतात. कृष्णाकाठच्या आणि कोयनाकाठच्या बोटमालकांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

विक्रीला मात्र यात कोठेही सवलत नाही. किराणा दुकानात, पानटपरीवर किंवा पंक्चरच्या दुकानात बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल, मग ते एक लिटर का असेना, परवान्याविना बेकायदाच ठरते. २००२ च्या नियमांनी एक लिटरहून मोठ्या पेट्रोलच्या भांड्यासाठी मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता असलेल्या प्रकाराची अट घातली असून भांड्यात किमान पाच टक्के जागा रिकामी सोडण्यासही सांगितले आहे. भांड्यावर ‘पेट्रोल’ असा ठळक इशारा असावा, असे कायद्याचे सहावे कलम सांगते. घरगुती वापराच्या, दहा लिटरहून लहान आणि घट्ट बुचाच्या भांड्यांना यातून सूट आहे. पण घरात लहान मुले असतील, तर ही सूट न घेण्यातच शहाणपण आहे.

चांगला डबा कोणता?

पेट्रोलच्या डब्याचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजा पातळ पत्र्याच्या डब्यांतून इंधन वाहत होत्या. हे डबे वाटेतच फुटत, सांध्यांतून गळत आणि पुष्कळ इंधन वाळूत मुरून जाई. जर्मन सैन्याकडे १९३७ च्या सुमारास तयार झालेला २० लिटरचा पोलादी डबा होता. दोस्तांनी तो हस्तगत करून त्याची नक्कल केली आणि जर्मनांना सैनिकी बोलीत ‘जेरी’ म्हणत असल्याने त्याचे नाव ‘जेरीकॅन’ पडले. आज प्लॅस्टिकच्या कोणत्याही कॅनला सर्रास जेरीकॅन म्हटले जाते. मूळ वस्तूची गुणवत्ता मात्र त्या नावाबरोबर आलेली नाही.

त्या डब्याची रचना आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे. पत्र्याचे दोन भाग जोडून एकच वेल्डिंग केलेले असल्याने गळण्याच्या जागा कमी. बाजूंवर फुलीच्या आकाराची खोलगट नक्षी असल्याने उष्णतेने फुगण्यास वाव. वरच्या बाजूला हवेची पोकळी, त्यामुळे तोंडापर्यंत भरण्याचा मोह झाला तरी जागा उरते. तीन मुठी असल्याने एका माणसाला दोन रिकामे डबे एका हातात धरता येतात आणि भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो. फिरकीच्या झाकणाऐवजी खटक्याचे झाकण, जे हरवत नाही आणि अर्धवट लागतही नाही.

पेट्रोल उष्णतेने किती प्रसरण पावते, याचा हिशेब सोपा आहे. तापमान एक अंशाने वाढले, की घनफळ साधारण हजारात एका भागाने वाढते. सकाळी २० अंशांत काठोकाठ भरलेला २० लिटरचा डबा दुपारी जतच्या उन्हात ४० अंशांवर गेला, तर त्यातील पेट्रोल जवळपास ४०० मिलिलिटरने वाढते. जागा न सोडल्यास ते बुचातून बाहेर येणार किंवा डबा फुगणार. पाच टक्क्यांचा नियम म्हणजे २० लिटरच्या डब्यात १९ लिटर, तर पाच लिटरच्या डब्यात पावणेपाच लिटर.

वजनाचाही विचार हवा. २० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १५ किलो भरते आणि पोलादी डब्याचे त्यात चारेक किलो वाढतात. इतके ओझे खांद्यापर्यंत उचलून फवारणी पंपाच्या लहानशा तोंडात नेमके ओतणे अवघड असते. सांडण्याचे मुख्य कारण बहुधा हेच. म्हणून साठवण्याचा डबा आणि ओतण्याचा डबा वेगळा असावा. घरगुती वा शेतीच्या यंत्रांसाठी पाच लिटरचा, हातात सहज पेलणारा धातूचा डबा अधिक उपयुक्त ठरतो.

धातू की प्लॅस्टिक, या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य आहे. धातूचा डबा पावसाळ्यात गंजतो, पोचा पडला की तेथून झिजतो आणि महाग पडतो. आतून लेप दिलेला नसेल, तर गंजाचे कण इंजिनात जातात. प्लॅस्टिक हलके असते आणि गंजत नाही. मात्र साध्या पॉलिथीनच्या भिंतीतून पेट्रोलची वाफ सूक्ष्म प्रमाणात झिरपत राहते आणि उन्हाने ते ठिसूळ होते. ब्रिटनमध्ये २०१४ च्या नियमांनुसार घरगुती साठ्यासाठी १० लिटरपर्यंतचा, मानकांनुसार खास बनविलेला प्लॅस्टिकचा डबा चालतो आणि धातूचा २० लिटरपर्यंतचा. एकूण मर्यादा तेथेही ३० लिटरच आहे. अमेरिकेत प्लॅस्टिकचे डबे सर्रास वापरले जातात. पण ओतताना बाहेरची ज्वाला तोंडातून आत शिरून जळते पेट्रोल झोतासारखे बाहेर फेकले जाण्याचे अपघात घडत राहिल्याने २०२० मध्ये खास कायदा करून डब्याच्या तोंडाशी ज्वालारोधक बसविणे बंधनकारक करण्यात आले. हा ज्वालारोधक बहुधा बारीक जाळीचा असतो. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते आणि आग आत जाऊ देत नाही. खाणकामगारांचा डेव्हीचा दिवा १८१५ पासून याच तत्त्वावर चालत आला.

तात्पर्य, प्लॅस्टिक हा शब्दच दोषी आहे असे नव्हे. पेट्रोलसाठी म्हणून तयार केलेले आणि तपासलेले प्लॅस्टिक वेगळे, खाद्यतेलाचा रिकामा कॅन वेगळा आणि पाण्याची पातळ बाटली तर त्याहून वेगळी. पातळ बाटली वाफेच्या दाबाने फुगते आणि तिचे झाकण इंधनासाठी घडविलेले नसते. शिवाय आत पेट्रोल आहे की पाणी, हे दुसऱ्याला कळत नाही. रॉकेल वा पेट्रोल पाणी समजून मुलांनी पिण्याचे प्रकार याच बाटल्यांमुळे होतात. असे घडल्यास मुलाला उलटी करविणे घातक असते, कारण इंधन फुप्फुसात उतरते. तातडीने रुग्णालय गाठणे हाच मार्ग. तोंडाने नळी ओढून टाकीतून पेट्रोल काढण्याच्या प्रघातातही हाच धोका आहे.

भरणे आणि ओतणे

साठवणुकीइतकाच धोका भरताना असतो आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर विद्युत निर्माण होते. डबा जमिनीवर ठेवलेला असेल, तो धातूचा असेल आणि पंपाची तोटी त्याला टेकलेली असेल, तर हा भार जमिनीत उतरतो. डबा स्कूटरच्या रबरी पायपुसण्यावर, मोटारीच्या डिकीतील गालिच्यावर किंवा टेम्पोच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर असेल, तर भार साचत जातो आणि तोटी जवळ येताच ठिणगी पडू शकते. म्हणून भांडे नेहमी वाहनातून खाली उतरवून, जमिनीवर ठेवून आणि तोटी आत टेकवून सावकाश भरावे. दुचाकीवर बसल्या बसल्या पायांमध्ये कॅन धरून भरून घेण्याची सवय सोडणे, हा या संपूर्ण विषयातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ओतताना इंजिन बंद असावे आणि थंड झालेले असावे. जनित्र बंद पडले, अंधार झाला आणि घाईघाईत गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडले, असा प्रसंग लग्नसराईत आणि गणेशोत्सवात सहज उद्भवू शकतो. नरसाळे धातूचे आणि जाळीचे असावे. काही परदेशी बनावटीच्या डब्यांना आपोआप बंद होणारी तोटी असते. ती सुरक्षित असली, तरी वापरायला किचकट वाटल्याने तेथील अनेक ग्राहक ती काढूनच टाकतात. सुरक्षिततेचे साधन सोपे नसेल तर माणूस त्याला वळसा घालतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

इथेनॉलने वाढविलेली काळजी

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. देशात २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. या इथेनॉलचा मोठा वाटा उसापासून येतो आणि सातारा-सांगलीतील साखर कारखान्यांच्या आसवन्याही त्यात सहभागी आहेत. ऊसउत्पादकाला त्यातून आधार मिळतो, ही जमेची बाजू. मात्र इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. झाकण सैल असलेल्या कॅनमध्ये पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले आणि त्यात पुरेसे पाणी शिरले, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर तयार होतो. असे इंधन यंत्रात गेल्यास ते सुरू होत नाही, कार्ब्युरेटर खराब होतो आणि जुन्या रबरी नळ्यांवर परिणाम होतो. पाटण, जावळी, महाबळेश्वर या अतिपावसाच्या तालुक्यांत हा मुद्दा विशेष लागू पडतो. त्यामुळे साठा कमी, झाकण घट्ट आणि पेट्रोल ताजे, ही त्रिसूत्री आता इंजिनाच्या आरोग्यासाठीही आवश्यक झाली आहे.

पुराच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाण्यावर तरंगते. पुराच्या पाण्यात उलटलेला कॅन घरभर आणि गल्लीभर ज्वालाग्राही तवंग पसरवू शकतो. त्याच कारणाने पेट्रोलची आग पाणी ओतून विझत नाही, उलट पसरते. वाळू, माती किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक हेच उपाय. पूररेषेतील घरांनी पाणी चढण्यापूर्वी ज्या वस्तू उंचावर हलवायच्या, त्यांत पेट्रोलच्या डब्याचा क्रमांक वरचा असावा, पण तो निजण्याच्या खोलीत नव्हे.

नुसत्या बंदीने काय साधते?

सुट्या पेट्रोलवरील निर्बंधांमागे अपघाताइतकेच घातपाताचेही भय आहे. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटविण्यात आले आणि आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. केरळमध्ये २ एप्रिल २०२३ रोजी एलत्तूरजवळ धावत्या रेल्वेत पेट्रोल ओतून आग लावण्यात आली, त्या घटनेत तिघांचा जीव गेला. आंदोलने, निवडणुका आणि उत्सव यांच्या काळात राज्यातील विविध जिल्ह्यांत बाटलीतून पेट्रोल देण्यावर बंदीचे आदेश निघतात, त्याला ही पार्श्वभूमी आहे. रेल्वेतून ज्वालाग्राही पदार्थ नेणे तर रेल्वे कायदा १९८९ नुसार गुन्हाच आहे.

हे भय अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु बंदीचा आदेश निघाला, की पंपावरील कर्मचारी प्रामाणिक शेतकऱ्याला परत पाठवितो, आणि तो शेतकरी गावातल्या दुकानामागे जास्त पैसे मोजून तेच पेट्रोल तशाच बाटलीत घेतो. म्हणजे परवानाधारक, अग्निशामक बाळगणाऱ्या जागेतून व्यवहार उठतो आणि विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकांच्या घोळक्यात जातो. ज्याच्या मनात काळेबेरे आहे, तो दुचाकीच्या टाकीतून पेट्रोल काढू शकतोच. निर्बंधाचा भार अशा रीतीने गरजूवर पडतो आणि गुन्हेगार मोकळा राहतो.

या बाबतीत आम्लाचा धडा उपयोगी आहे. आम्लहल्ल्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घालताना विक्रीची नोंदवही, ग्राहकाचे ओळखपत्र आणि खरेदीचे कारण यांची अट घातली. वापर पूर्ण थांबविण्याऐवजी व्यवहार नोंदीखाली आणण्याचा तो मार्ग होता. त्याची अंमलबजावणी सर्वत्र चोख झाली असे कोणी म्हणणार नाही. तरीही दिशा योग्य होती. सुट्या पेट्रोलसाठी मान्यताप्राप्त धातूचा डबा, ओळखपत्र आणि नोंद या तीन अटींवर पाच-दहा लिटर देण्याची एकसमान पद्धत ठरली, तर पंपचालकाचा संभ्रमही दूर होईल आणि शेतकऱ्याची ओढाताणही थांबेल.

त्यासाठी आधी डबा मिळाला पाहिजे. तालुक्याच्या बाजारपेठेत पेट्रोलसाठी म्हणून मागितले, तर दुकानदार पुढे करतो तो साधा प्लॅस्टिकचा कॅन. मान्यताप्राप्त डबे पंपावरच अनामत घेऊन देणे तेल कंपन्यांना अवघड नाही. घरगुती गॅसचा सिलिंडर नेमका याच पद्धतीने देशभर पोचला. डिझेलच्या बाबतीत कंपन्यांनी पुढाकार घेतलाच आहे. मार्च २०१८ मध्ये पुण्यातून डिझेल घरपोच देण्याचा प्रयोग सुरू झाला. पेट्रोलचा धोका अधिक, म्हणून त्याची सोय आणखी विचारपूर्वक व्हावी. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण योजनांतून पेट्रोलवर चालणारी यंत्रे अनुदानावर मिळतात. त्या यंत्रासोबत एक योग्य डबा देण्याची तरतूद झाली, तर खर्चात फारसा फरक पडणार नाही.

पूरप्रवण गावांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. बोट आहे, चालक आहे, पण इंधन नाही किंवा असले तरी ते ग्रामपंचायतीच्या दप्तराशेजारी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आहे, ही स्थिती टाळायची असेल, तर पावसाळ्याआधीच्या आपत्ती आराखड्यात प्रत्येक बोटीमागे किती इंधन, कोणत्या डब्यात, पूररेषेबाहेरच्या कोणत्या स्वतंत्र खोलीत आणि कोणाच्या ताब्यात, हे लिहिलेले हवे. कायद्याने दिलेली १०० लिटरची सवलत त्यासाठी पुरेशी आधारभूत ठरते.

आणि शेवटी खुद्द कायद्याकडेही पाहावे लागेल. दगडी बरणीचा उल्लेख करणारा आणि प्लॅस्टिकविषयी मौन बाळगणारा १९३४ चा कायदा आज कोट्यवधी लोक रोज नकळत मोडत आहेत. जो नियम सर्वांकडून मोडला जातो, तो कोणाचेच रक्षण करीत नाही. एक तर पेट्रोलसाठीच्या प्लॅस्टिक डब्याचे कडक मानक ठरवून त्याला कायद्यात जागा द्यावी, किंवा धातूचा डबा सहज आणि परवडेल अशा दरात मिळेल, अशी व्यवस्था करावी. दोन्ही न करता केवळ फलक लावत राहिल्यास पुढच्या संपात, पुढच्या पुरात पुन्हा शीतपेयाच्या बाटल्याच रांगेत उभ्या राहतील.

चौकट : डबा घेताना आणि वापरताना

* डबा धातूचा, घट्ट झाकणाचा आणि २५ लिटरहून लहान असावा. ओतण्यासाठी पाच लिटरचा सोयीचा.
* झाकणातील रबरी वायसर दर पावसाळ्याआधी तपासावे. चिरलेले वा फुगलेले असल्यास बदलावे.
* डब्यावर मराठीत ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ असे रंगवावे. त्यात दुसरे काहीही भरू नये.
* भरताना डबा जमिनीवर ठेवावा, तोटी टेकवावी आणि पाच टक्के जागा रिकामी सोडावी.
* बंद मोटारीत उन्हात डबा ठेवू नये. उघडताना झाकण सावकाश सैल करून आधी वाफ जाऊ द्यावी.
* घरात ३० लिटरहून अधिक साठा नको. देवघर, स्वयंपाकघर, पाण्याची मोटर आणि इन्व्हर्टर यांपासून दूर, हवेशीर जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.
* टू-स्ट्रोक इंजिनासाठी तेल मिसळलेले पेट्रोल वेगळ्या डब्यात, त्यावर तारीख लिहून ठेवावे.